एक पाऊल डावीकडे

रविवार, ४ जानेवारी २००४

सकाळी स्केटिंगच्या सरांबरोबर गुऱ्हाळावर सराव. त्रिशलाच्या वडिलांनी, अण्णांनी, चुलवाणात घालायच्या वाळल्या चिपाडाचा एक ढीग आमच्यासाठी बाजूला ठेवला होता. रस काढून राहिलेलं उसाचं चिपाड वाळलं की गादीसारखं लागतं, फक्त टोचतं. वर तीन पोती अंथरली. चाकांचे बूट नाहीत, अनवाणी. छत्री २६ वेळा. त्यात त्रि. पडली ६ वेळा.

छत्री हे नाव सरांचं. जोडी स्केटिंगमधल्या या उचलीचं इंग्रजी नाव त्यांना येतं, पण ते म्हणतात, "पोरगी डोक्यावर उघडली की छत्रीच की ती."

तोल गेला की सर ओरडतात. "सोड तिला! बाजूला हो! अंगावर पडू नकोस तिच्या, चौऱ्याहत्तर किलोचा धोंडा हायस तू." मी सोडतो, बाजूला होतो. ती चिपाडात बुडते आणि हसत वर येते, केसांत चोयट्या.

अण्णा रसाच्या काहिलीजवळून म्हणाले, "पाखडायलास व्हय रं पोरीला सुपात घालून?" सगळे हसले. मीसुद्धा.

डावं मनगट दुखतंय. मीठ-पाण्याने शेकलं.

बुधवार, ७ जानेवारी

पहिली पाळी. कागलहून कंपनीच्या बसने चारला घरी. सरांनी दिलेली झेरॉक्सची पानं वहीत मराठीत उतरवून घेतोय. शेजारी शब्दकोश. दहावीत शाळा सुटलेल्या माणसाला एका पानाला तास लागतो, पण एकही शब्द अंदाजाने लिहिला नाही.

समोरासमोर. पुरुषाचे हात तिच्या कमरेच्या हाडांवर. तिचे हात त्याच्या मनगटांवर. गुडघे दोघांनी एकाच मोजणीला वाकवणे. उडी तिची. त्याने ओढायचे नाही, तिच्या उडीमागून दाबत न्यायचे. डोक्याच्या वर गेल्यावर कोपर सरळ, कुलूप लावल्यासारखे.

ती वर आडवी. हनुवटी वर, नजर समोर. खाली पाहिल्यास वजन पुढे जाते.

शेवटची ओळ तीनदा वाचली. तोल गेल्यास पुरुषाने तिच्या खाली जावे. ती जमिनीवर नव्हे, त्याच्यावर पडली पाहिजे.

सरांना पीसीओवरून फोन करून विचारलं. म्हणाले, "ते फरशीवरचं हाय. आधी उचलायला शीक."

ओळीखाली रेघ मारून ठेवली.

सोमवार, १२ जानेवारी

छत्री पहिल्यांदा चाकांवर. रिंक म्हणजे शाळेच्या मैदानातली सिमेंटची फरशी. दीड फेरा झाला, मग खाली घेतली. पडली ० वेळा. खाली जमीन सरकत असते आणि वर एक्केचाळीस किलो. डोळे कुठे ठेवायचे हा प्रश्न. सर म्हणाले, तिच्या हनुवटीवर. तिथेच ठेवले.

दुपारी कंपनीत बाळू लेथवरून ओरडला, "काय पैलवान, तालीम सोडून पोरी उचलायचं काम धरलंय म्हणं?"

मी म्हटलं, राखी बांधलीय तिने.

"मग तर लायसनच मिळालं की."

राखीची कल्पना सरांची. तोपर्यंत आम्ही नुसते हात धरून फेरे मारत होतो. मागच्या ऑगस्टमध्ये सरांनी मला अण्णांच्या घरी नेलं, सगळ्यांसमोर राखी बांधून घेतली आणि म्हणाले, "आजपासून भाऊ. आता हात लावला तरी कुणी काय म्हणायचं न्हाई." तेव्हापासून ती मला दादा म्हणते. त्या दिवशी तिच्या आईने शिरा दिला. ताटली घरातलीच होती. मी बघितलं. आमच्या वस्तीतून त्या सोप्यात बसून खाणारा मी पहिलाच असेन.

रविवार, २५ जानेवारी

फरशीवर आजवर ४१ वेळा. प. ०.

उद्या झेंडावंदनानंतर तिथेच प्रात्यक्षिक. आठही चाकांचे नट तपासले. उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग रॉकेलने धुतलं. फरशीच्या मध्यभागी दोन थरांचा जोड आहे, बोटभर रुंद. सरांना दाखवला. म्हणाले, "जोड बघू नकोस, पोरगी बघ." जोडापासून चार पावलं मागे खडूने खूण केली. तिथून सुरुवात.

त्रि.ने विचारलं, "दादा, भ्या वाटतंय काय रं?" म्हटलं, नाही. "मला तर लई वाटतंय," म्हणाली आणि एक उलटा फेरा मारून आली.

सोमवार, २६ जानेवारी

पडली.

लिहवत नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

काय झालं तेवढंच लिहितो.

छत्री वर गेली. पहिला फेरा नीट. टाळ्या. दुसऱ्या फेऱ्यात माझं उजवं चाक जोडात अडकलं. ती फरशीवर पडली, डाव्या अंगावर, हात खाली. मनगटाची दोन्ही हाडं, खांद्याजवळचं हासळीचं हाड, पुढचे दोन दात. पांढरा पोशाख होता. बँडवाल्यांना कळलं नाही, ते थोडा वेळ वाजवत राहिले.

अण्णांनी तिला उचललं. मी हात पुढे केले होते, पण त्यांनीच उचललं.

दवाखान्यात सर डॉक्टरांना म्हणाले, "खाली बघितलं तिनं. वजन पुढं गेलं." मग अण्णांना तेच. मग बाहेर जमलेल्या लोकांना तेच. संध्याकाळी वस्तीतसुद्धा येऊन पोचलं होतं. पोरीनं खाली बघितलं म्हणं.

मला कोणी काही विचारलं नाही. मला खरचटलेलंसुद्धा नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

दुसरी पाळी, म्हणून सकाळी दवाखान्यात. तीन मोसंबी नेली. ओठ सुजलेला, बोलताना फुस्स होत होतं.

"दादा, मी खाली बघितलं न्हवं?"

मी म्हटलं, कोण म्हणालं?

"सर म्हटलेत. मला आठवतच न्हाई. टाळ्या वाजल्या न्हवं, तवा बघितलं असणार."

मी म्हटलं, बघितलंस बहुतेक. जरासं.

मान हलवायला गेली आणि कळवळली. मग म्हणाली, "तुला लागलं काय?"

नाही.

"बरं झालं."

मोसंबी तिच्या आईने पिळली. मला पण अर्धा पेला दिला. प्यायलो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

हे एकदा नीट लिहून ठेवतो. इतरांना काय सांगायचं ते सांगू, वहीत तरी खोटं नको.

त्रि.ने खाली बघितलं नाही. माझे डोळे तिच्या हनुवटीवर होते आणि हनुवटी वर होती. टाळ्या वाजल्या तेव्हाही. चाक अडकलं आणि तोल उजवीकडे गेला. मला उजवीकडे, तिच्या खाली, जाता आलं असतं. वेळ होता. मी हात उघडले. सुटले असं म्हणता येणार नाही, उघडले. आणि डावीकडे एक पाऊल टाकलं.

चिपाडावर ती ऑगस्टपासून १३७ वेळा पडली. मागच्या वहीतले आणि या वहीतले आकडे मिळवून बघितले. १३७ वेळा मी सोडलं आणि बाजूला झालो. फरशीवर एकदाही पडली नव्हती, म्हणून खाली जायचं मी एकदाही केलेलं नाही. रेघ मारून ठेवलेली ओळ मला पाठ आहे. पायांना ती कोणी शिकवलीच नव्हती.

आज टेप घेऊन रिंकवर गेलो. जोडाजवळ उजव्या चाकाचा ओरखडा. डाव्या बुटाच्या रबराचा काळा डाग तिथून सव्वादोन फूट डावीकडे. फरफटलेला नाही, गोल आणि स्वच्छ. म्हणजे मी तिथे टेकून थांबलो होतो. ती पडली तेव्हा मी सरळ उभा होतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

त्रि. घरी आलीय. प्लॅस्टरवर मैत्रिणींनी नावं लिहिलीत. मला पण पेन दिलं. नाव लिहिलं, खाली तारीख.

घरी आई म्हणाली, "त्यांनी तुला काय बोललं न्हाईत न्हवं?"

नाही.

"मग गप ऱ्हा. पोरीनं खाली बघितलं, झालं. आपल्यातल्या पोरानं त्यांची पोरगी आपटली असं कुणाच्या तोंडात यायला नको." मग थोड्या वेळाने, "पोरगी जेवती काय नीट?"

पातळ भात जेवते, म्हटलं. आईने डोळ्याला पदर लावला.

कंपनीत या आठवड्यात माझ्या हातून बनलेले सात जॉब रिजेक्ट. सुपरवायझर म्हणाले, तुझ्याकडून? खरंच तुझ्याकडून?

रविवार, १४ मार्च

प्लॅस्टर निघून आठवडा झाला. आज त्रि. रिंकवर आली. एकटीने फेरे मारायला डॉक्टरांची परवानगी आहे. हात बारीक झालाय, दुसऱ्यापेक्षा गोरा. पुढचे दात अजून बसवले नाहीत, हसताना तोंडावर हात धरते.

गळ्याभोवती काहीतरी होतं. मला वाटलं डॉक्टरांचा पट्टा. जवळ गेलो तर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, कापून गोल केलेला, मागे नाडीने बांधलेला. पुठ्ठ्याची कड हनुवटीखाली.

म्हटलं, हे काय?

"खाली बघायचंच न्हाई आता. बघितलं की टोचतंय. घरात पण घालतो. आई वैतागलीय, आमटी सांडतो म्हणून."

हनुवटीखाली लाल वळ उठला आहे.

म्हटलं, काढ ते.

"निवडीपर्यंत न्हाई काढत."

राज्याच्या संघाची निवड मे महिन्यात पुण्याला. राज्यात जोड्याच चार-पाच, छत्री करणारी एकही नाही, असं सर म्हणतात. तिने बारा फेरे मारले, मान ताठ. मी मोजत उभा होतो. मोजण्याशिवाय काही केलं नाही.

रविवार, २८ मार्च

अण्णांनी बोलावलं होतं. मी, ते, आणि मधे गुळाच्या ढेपा.

"पोरगी ऐकंना झालीया. परत वर जातो म्हणतीया. आई रडतीया तिची." बराच वेळ ढेपेवरचं फडकं नीट करत राहिले. "सराचं मी धरत न्हाई, त्याला बक्षीस दिसतंय. तू भाऊ हायस तिचा. तू म्हण मला, अण्णा, न्हाई पडू देणार. तू म्हटलास तर जाऊ दे."

मी ढेपा मोजू लागलो.

"म्हण की."

म्हटलं, अण्णा, मला तीन दिवस द्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तीन दिवसांत काय बघणार हायस?"

निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे गुळाचा खडा हातावर ठेवला. सायकलवरून घरी येईपर्यंत मुठीतच होता, हात चिकट.

सोमवार, २९ मार्च

सरांना सांगितलं. रिंकवर, सगळी पोरं गेल्यावर. जोड दाखवला, डाग दाखवला. डाग आता पुसट झालाय.

सर म्हणाले, "मला ठाऊक हाय."

काय?

"आरं, धा फुटांवर उभा होतो. आंधळा हाय व्हय मी?"

मग तिचं नाव का सांगितलं?

सर खाली बसले, बुटाची नाडी सोडत. "मैदानात तीन-चारशे माणूस होतं, मिलिंदा. पोरगी रक्तानं भरलेली. बाजूला तू सरळ उभा. त्या वक्ताला मी म्हटलं असतं ह्यानं सोडली, तर तुला धड घरी जाऊ दिला असता त्यांनी? त्यातल्या चौघांनी तरी आधी तुझं आडनाव विचारलं असतं." मग म्हणाले, "आन् सोड-सोड म्हणून सहा महिनं बोंबलणारा कोण? मीच की."

मी म्हटलं, तिला सांगणार आहे.

"नको." एकदम उभे राहिले, एक बूट पायात, एक हातात. "तिला सांगितलंस तर ती वर जायची न्हाई. गेली तर भीत जाईल, आन् भिणारी पोरगीच पडती. आता निदान तिला वाटतंय मान वर ठिवली की झालं. ऱ्हाऊ दे तिला तेवढं."

सरांचं म्हणणं चूक आहे असं मला सिद्ध करता येत नाही. आज दिवसभर प्रयत्न केला.

बुधवार, ३१ मार्च

सांगितलं.

गुऱ्हाळावर. अण्णा काहिलीपाशी, त्रि. शाळेतून येऊन पोत्यावर बसलेली, गळ्यात पुठ्ठा. दोघंही ऐकतील असा उभा राहिलो. वहीतली ३ फेब्रुवारीची पानं वाचून दाखवायचं ठरवलं होतं, कारण नुसतं बोलताना मी शब्द बदलले असते. वाचलं. हात उघडले, तिथपर्यंत. पाऊल टाकलं, तिथपर्यंत. सव्वादोन फूट, तेही.

गडी रस ढवळायचा थांबला तेव्हा अण्णा त्याच्यावर ओरडले, लागंल रं खाली. मग मला म्हणाले,

"पाऊल टाकलंस."

हो.

"बघून टाकलंस?"

न बघता. पण टाकलं.

त्यांनी पाठ फिरवली.

त्रि. म्हणाली, "म्हंजे मी वरच बघत होतो?"

हो.

"सगळा वेळ?"

सगळा वेळ.

तिने मागे हात नेऊन नाडी सोडायचा प्रयत्न केला. डाव्या हाताची बोटं अजून नीट चालत नाहीत. गाठ सुटेना. मी पुढे झालो तर म्हणाली, "हात लावू नकोस." शेवटी पुठ्ठाच फाडला.

"दोन आठवडं मी मान वर करून जेवतोय," म्हणाली. "दवाखान्यात विचारलेलं मी तुला."

मग आत गेली. अण्णा न वळता म्हणाले, "जा आता तू."

रविवार, ४ एप्रिल

सराव नाही. निरोप नाही. सरांनी फोन उचलला नाही. कंपनीत ओव्हरटाइम मागून घेतला.

गुरुवार, ८ एप्रिल

कंपनीतून आलो तर त्रि. आमच्या दारात सायकल टेकवून उभी. वस्तीतली सगळी पोरं भोवती. इथे ती कधी आली नव्हती. आईची धांदल. चहा घे म्हणावं की नाही ते तिला कळेना. त्रि.नेच विचारलं, "काकू, चहा हाय काय?" प्यायली, बशीत ओतून, दातांच्या फटीमुळे.

मला म्हणाली, "रविवारी सातला ये. बूट नकोत."

अण्णा?

"अण्णांना मी बघतो." सायकलवर बसली. "माफ केलंय असं समजू नकोस. बघायचंय मला."

काय बघायचंय?

"तुझा पाय."

रविवार, ११ एप्रिल

तिने काय ठरवलं होतं ते लिहितो. छत्री वर न्यायची. ती कधीतरी मुद्दाम तोल सोडणार. कितव्यांदा, पुढे की उजवीकडे, ते सांगणार नाही. मी तिच्या खाली यायचं. पोत्यावर माझ्या पायांच्या डावीकडे अण्णांनी चुन्याची रेघ ओढली. ते फक्त माझे पाय बघणार.

अण्णा बसून बघत राहिले. माझा पाय रेघेपलीकडे गेला की म्हणायचे, "गेला."

पहिल्यांदा हात तिच्या कमरेला लावले, काढले, परत लावले. ती म्हणाली, "उचलायचं असंल तर उचल, न्हाईतर सोड." उचललं.

मुद्दाम पडली ८ वेळा. "गेला" ५ वेळा.

पाच. मला माहीत असताना. तयारीत असताना. अंग पुढे जातं आणि पाय डावीकडे निघतो, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. आठव्या वेळेनंतर ती चिपाडातून उठली, चोयट्या झाडल्या आणि घरी गेली. आज हसली नाही.

बुधवार, १४ एप्रिल

जयंती. पांढरे कपडे, मिरवणुकीत लेझीम. दोन पावलं पुढे, एक बाजूला. सगळी रांग डावीकडे वळली आणि मी जागेवर उभा. मागचा धडकला. "काय रं, झोपलास व्हय?"

आईने विचारलं, पोरगी येते काय परत? म्हटलं, येते.

घरी सतरंजी अंथरून उजवीकडे पडायचा सराव करतोय. सकाळी ५० वेळा, कामावरून आल्यावर ५० वेळा. उजवा खांदा काळानिळा. शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून विचारते, काय पाडतंय रं?

रविवार, १८ एप्रिल

पडली १० वेळा. "गेला" २ वेळा.

गुऱ्हाळाचा हंगाम संपत आलाय. चिपाड जळून ढीग गुडघ्याएवढा उरला. खालची जमीन लागते. सहाव्या वेळी नीट खाली सापडलो आणि तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फुटला. थुंकलो तर रक्त. ती माझ्या छातीवरून उठत म्हणाली, "आता बरोबरीला आलास जरा." मग तिलाच हसू आलं, आणि तोंडावर हात धरायची विसरली.

अण्णांनी तांब्या पुढे केला. "चूळ भर."

नंतर विचारलं, दोन म्हणजे किती रं, दहात? म्हटलं, पाचात एक. ते म्हणाले, "पाचात एक म्हंजे लई झालं." म्हटलं, हो, फार झालं.

निवडीला वीस दिवस.

रविवार, २५ एप्रिल

गुऱ्हाळ बंद झालं. काहील पालथी घातलेली. चिपाडाचा नुसता थर, त्यावर पोती. अण्णा आले नाहीत. त्रि. म्हणाली, त्यांना तिनेच नको सांगितलं, ते "गेला" म्हणाले की तिचं लक्ष तिकडेच जातं. आज ती स्वतः बघणार. पडल्या पडल्या आधी माझे पाय बघायची, मग उठायची.

१२ वेळा वर. मुद्दाम पडली ७ वेळा. सहा वेळा मी खाली होतो, हे मला नक्की माहीत आहे, कारण लागलं. चौथ्या वेळी ती कडेला पडली, अर्धी माझ्या हातावर, अर्धी पोत्यावर. डाव्या पायात काहीतरी झालं. उचलला गेला, की नुसता ताणला, ते सांगता येत नाही. मी रेघ बघायला वळेपर्यंत ती रेघेवरूनच चालत आली होती. चुना सगळीकडे झालेला.

सर शेवटी शेवटी आले. लांबून बघत होते. आज "सोड" म्हणून ओरडले नाहीत, ओरडायला तोंड उघडायचे आणि मिटायचे.

ती पोती झाडत होती. मी विचारलं, किती?

"मोजलेत मी."

किती पण?

"सांगितलं की तू त्योच आकडा वहीत लिहून घोकत बसणार."

एक की शून्य, एवढंच सांग.

तिने पोत्याची घडी घातली. डाव्या हाताने, सावकाश.

सर पुढे आले. "त्रिशला, उचलींची यादी उद्या पुण्याला धाडायची हाय. छत्री ठिवायची का काढायची? काढली तरी चालंल. खरंच चालंल, बाळा." सरांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. बराच वेळ.

"ठिवा," म्हणाली. आणि मला, "उद्या संध्याकाळी साडेपाचला फरशीवर. चाकं घालून."

अण्णा विचारतील तेव्हा त्यांना काय सांगू, असं मी विचारलं. म्हणाली, "तू काय सांगायचं न्हाईस. मी सांगतो."

घरी येऊन नट आवळले. बेअरिंग धुतलं. चौथ्या वेळी पाय गेला असेल तर ते तिने बघितलं आहे, आणि बघून "ठिवा" म्हणाली आहे. गेला नसेल तर तेही तिलाच ठाऊक.

उद्या पहिली पाळी. तीनला सुटतो.